घरचा डेंटर

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, की ज्यांची गाडी कधीच जुनी होत नाही आणि ज्यांना भेटलेला गॅरेजवाला कधीच प्रामाणिक निघत नाही. वय पंचावन्न ते पासष्ट. लहानपणी घरातला रेडिओ उघडलेला, तरुणपणी चेतक आडवी करून मग किक मारलेली, प्लग काढून पॉलिश पेपरने घासून परत बसवलेला. वाहन म्हणजे मालकाच्या हाताला दाद देणारी वस्तू, ही समजूत तेव्हापासून पक्की आहे. पण हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडलं की वर एक काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. त्याखाली सेन्सर, त्याखाली वायरी, आणि बोट घालायलाही जागा नाही. काकांचे हात वर्षानुवर्षं शिवशिवत राहतात. अशा माणसाच्या गाडीला एक दिवस पोचा पडतो.

पोचा काका पाडत नाहीत, तो पडतो. "मी गाडी लावून मंडईत गेलो, परत येतो तर हे!" एवढंच निवेदन बाहेर येतं. पार्किंगमधल्या खांबाला दाराच्या उंचीवर चंदेरी रंगाची रेघ उमटलेली असते आणि काकांची वॅगनआरही चंदेरीच असते, पण हा विषय सोसायटीत कोणी काढत नाही. कोणी काढलाच, तर बिल्डरने खांब चुकीच्या जागी घेतल्याचं काका नकाशासकट सिद्ध करतात.

रीतीप्रमाणे आधी सर्व्हिस सेंटर. तिथला टॅब घेतलेला तरुण गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणतो, "सर, मागचा दरवाजा पूर्ण पॅनेल धरावा लागेल."

"पोचा तळहाताएवढा आहे."

"हो सर, पण रंग पूर्ण पॅनेललाच मारावा लागतो. नाहीतर पॅच दिसतो."

एस्टिमेट निघतं साडेपाच हजार, वर १८ टक्के जीएसटी. "इन्शुरन्समध्ये करून टाकू ना सर," असं तो सहज म्हणतो. या वाक्यावर काका खुर्ची ओढून बसतात. खिशातून छोटी डायरी निघते.

तो हिशोब ऐकण्यासारखा असतो. गाडी सात वर्षांची, घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर केव्हाच सुटलेलं. जीएसटी धरून बिल झालं ६,४९०. त्यातले हजार रुपये सक्तीचे आपल्या खिशातून. रंगाच्या सामानावर पन्नास टक्के घसारा, म्हणजे आणखी काही शे कापले. हातात पडले पाच हजारांच्याही आत. आता तोटा बघा. पाच वर्षं एकही क्लेम न करता नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर आणलेला. क्लेम केला की पुढच्या वर्षी तो शून्य. मग दरवर्षी एकेक पायरी, २०, २५, ३५, ४५, आणि तेव्हा कुठे पुन्हा ५०. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम सहा हजार धरला आणि तो तेवढाच राहील असं मानलं, तर ३,००० अधिक १,८०० अधिक १,५०० अधिक ९०० अधिक ३००. एकूण गेले ७,५००. "म्हणजे पाच हजारांसाठी साडेसात हजार घालवायचे? आम्हाला काय शाळेत पाढे शिकवले नाहीत?"

इथपर्यंत एका पैशाची चूक नाही. क्लेम करण्यापूर्वी प्रत्येक गाडीवाल्याने हा हिशोब करावा, इतका तो चोख आहे. गडबड पुढच्या वाक्यात होते. पुढचं वाक्य असतं, "त्यापेक्षा मीच करतो."

मधला एक मार्ग असतो. नाक्यावरचा डेंटर दोन-अडीच हजारांत काम करून द्यायला तयार असतो. पण त्याच्यावर काकांचा भरवसा नाही. "तो काय करणार? पोचा न काढता नुसती लांबी थापणार आणि वर रंग मारणार." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

पहिल्या रविवारी प्रयोगशाळा उघडते. आधी बाथरूममधला रबरी पंप. तो दाराला चिकटतो आणि नंतर निघत नाही. निघतो तेव्हा काका दोन पावलं मागे जातात, पोचा जागच्या जागी असतो. मग सुनेचा हेअर ड्रायर आणि फ्रीजमधला बर्फ. गरम-थंड केलं की पत्रा टुणकन बाहेर येतो, असं मोबाईलवर दाखवलेलं असतं. उथळ, गोलसर खड्डा असेल तर तो कधी येतोही. पण कडेला घडी पडलेला पत्रा कायमचा वाकलेला असतो, तो असल्या लाडीगोडीला बधत नाही. बर्फ वितळून पार्किंगमध्ये पाणी साचतं आणि वॉचमन टाकी गळते की काय म्हणून गच्चीवर जाऊन येतो.

दुर्दैव असं, की याच दिवशी काकांना एक यश मिळतं. मागच्या बंपरला जुना एक चेप असतो. त्यावर पातेलंभर उकळतं पाणी ओतून आतून हात दाबला, की बंपर 'टप्' करून पूर्ववत होतो. बंपर प्लास्टिकचा. उष्णता लागली की तो मऊ पडतो आणि मूळ आकाराकडे परत जायला बघतो. पत्र्याला अशी ओढ नसते. पण हा भेद सांगायचा कोणी? त्या 'टप्'ने काकांची छाती दोन इंच फुगलेली असते. आता माघार नाही.

पुढच्या रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि पुण्यातल्या अशा सगळ्या काकांची ती पंढरी आहे. तिथून डेंटरची चपटी हातोडी घासाघीस करून आणली जाते. हातोडी बाहेरून मारायची, तर पत्र्याला आतून टेकू लागतो. कारागीर त्यासाठी डॉली नावाचा घडीव लोखंडी ठोकळा वापरतात. काका म्हणतात, "त्यात कशाला पैसे? घरात आहे की."

घरात असतो तो वरवंटा.

दाराचं आतलं पॅड काढताना सहा क्लिपांपैकी चार तुटतात. "त्या अशाही जुन्या झाल्या होत्या." आत प्लास्टिकचा कागद, त्यामागे लोखंडी चौकट आणि तिला पडलेली मोठी भोकं. त्यातल्या एका भोकातून वरवंटा धरलेला हात आत जातो. ठोकाठोक सुरू होते. त्या आवाजाने सेक्रेटरी खाली उतरतात तेव्हा काका कोपरापर्यंत दारात अडकलेले असतात, कारण वरवंट्यासकट हात बाहेर येत नाही आणि वरवंटा सोडला तर तो दाराच्या पोटात पडणार.

वरून गॅलरीतून हाक येते, "अहो, वरवंटा कुठाय? चटणी वाटायचीय."

"कामात आहे," काका म्हणतात. यात खोटं काहीच नसतं.

एव्हाना सल्लागार मंडळ जमलेलं असतं. पुण्यात कुठल्याही पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं दिसलं, की टेल्कोतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे हजर होतात. कंपनीचं ते नाव २००३ मध्ये बदललं, पण निवृत्तांच्या तोंडून ते अजून गेलेलं नाही. "आम्ही टेल्कोत असताना असा पोचा कडेकडून मारत आणायचो. तुम्ही मधोमध मारताय." सल्ला बरोबर असतो. पोचा पडताना जो भाग शेवटी दबला, तो आधी सोडवायचा. घडी कडेला असते, तिथून सुरुवात. पण काकांनी तोवर मधोमध पन्नासेक ठोके घातलेले असतात. गाडीचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड. ठोकून ठोकून तो ताणला जातो, आणि ताणलेल्या पत्र्याला बसायला जागा पुरत नाही. मग तो डालड्याच्या डब्याच्या तळासारखा वागतो, इकडून दाबला की आत टक्, तिकडून दाबला की बाहेर टक्. काका हे टक्-टक् बराच वेळ करून बघतात. शेवटी निष्कर्ष निघतो, "नव्वद टक्के निघालाय. उरलेला लांबीने भरू."

नाक्यावरच्या डेंटरची इथे आठवण काढू नये, काकांना राग येतो.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून लांबीचा डबा येतो. सोबत हार्डनरची छोटी ट्यूब. प्रमाण शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमच्या आसपास. काका वजनकाट्याला विचारत नाहीत, अंदाजाने पिळतात. मिश्रणाला पाटी म्हणून कुणाच्या तरी लग्नाची गुळगुळीत पत्रिका, सपाट करायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड. कार्ड हाताला बसतं, कामही सफाईदार होतं, हे मान्य केलं पाहिजे. अर्धा भाग लिंपून झाला की गेटवरून कुरियरवाला हाक मारतो. काका ओटीपी सांगून परत येतात तेव्हा लांबी, कार्ड आणि 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' हे तिन्ही मिळून एक दगड झालेला असतो. दुसऱ्या वेळी सावधपणे हार्डनर कमी घालतात. ती लांबी मंगळवारपर्यंत चिकटच राहते आणि तिला सोसायटीतल्या मांजराचे केस लागतात.

मग घासकाम. ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०, असं चढत जायचं. लांबी कोरडीच घासायची, कारण ती पाणी पिते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फोड आणतं. काका बादली घेऊन बसतात, कारण वॉटर पेपर म्हटल्यावर वॉटर आलंच. शिवाय पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा असतो, काका नुसत्या हाताने घासतात. बोटांच्या जागी चार उभ्या पन्हळी तयार होतात. तिरप्या उन्हात दाराकडे बघितलं, तर काकांच्या उजव्या हाताचा ठसा स्पष्ट दिसतो.

एक गोष्ट मात्र ते अचूक करतात. उघडा पडलेला पत्रा त्याच संध्याकाळी प्रायमरने झाकतात. पावसाळी हवेत कोरा पत्रा रात्रीत तांबूस होतो, आणि रंगाखाली एकदा गंज शिरला की तो थांबत नाही, हे त्यांना चेतकच्या फूटबोर्डाने शिकवलेलं असतं. महागड्या ठिकाणीही हा नेम पाळतातच असं नाही.

रंगाचा दिवस हा सोहळा असतो. नमुना म्हणून काका गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण उचकटून रंगाच्या दुकानात नेतात. दुकानदार म्हणतो, "काका, चंदेरी मेटॅलिक हातचं नाही. कोड तोच असला तरी सात वर्षांच्या उन्हाने गाडी फिकी झालीय. शिवाय आतले कण कसे बसतात त्यावर शेड बदलते." काका "तुम्ही द्या हो" म्हणून स्प्रेचा डबा घेतात. गाडीला भोवताली वर्तमानपत्रं चिकटवली जातात. ती आजचीच निघतात. त्यामुळे सकाळी खाली आलेला प्रत्येक जण गाडीपाशी वाकून काहीतरी वाचत असतो. एक आजोबा उकिडवे बसून शब्दकोडं सोडवतात.

पहिला हात जवळून मारल्यामुळे रंग ओघळतो. दुसरा लांबून मारल्यामुळे खरखरीत बसतो आणि शेजारची पांढरी अ‍ॅक्टिव्हा किंचित चंदेरी होते. क्लिअर कोट ओला असताना एक चिलट येऊन त्यात समाधी घेतं. ते अजूनही तिथे आहे. काका ते पाहुण्यांना दाखवत नाहीत, पण पुसायचा प्रयत्न केला तर ओरडतात.

दसऱ्याला हे सगळं पावन होतं. खंडेनवमीला हातोडी, सँडपेपर, एटीएम कार्ड आणि धुऊन काढलेला वरवंटा पाटावर मांडले जातात. गाडीला झेंडूचा हार पडतो. तो पुढे न घालता काका मागच्या दारावर का घालतात, हे विचारण्याचा उद्धटपणा कोणी करत नाही.

मग डायरीतला जमाखर्च. स्वतःची मजुरी शून्य. हातोडी, पेपर आणि स्प्रेचा उरलेला अर्धा डबा हे 'कायमचं झालं' म्हणून खर्चात धरायचं नाही. तुटलेल्या क्लिपा 'तशाही बदलायच्याच होत्या'. अ‍ॅक्टिव्हाचं पॉलिश हा शेजारधर्म. उरला खर्च आठशे रुपये आणि बचत ५,६९०. हा आकडा काका पुढची दोन वर्षं प्रत्येक लग्नकार्यात सांगतात. ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याच्या गाडीला पोचा असतोच. "अहो, रविवारी आणा की इकडे," काका म्हणतात, आणि समोरचा माणूस आमटी वाढून घ्यायच्या निमित्ताने उठतो.

आमचं मत विचाराल तर बंपर आणि बारीक ओरखडे काकांना खुशाल द्यावेत, ते काम घरी छान होतं. क्लेमचा हिशोबही त्यांच्याकडूनच करून घ्यावा. दरवाजे, फेंडर आणि छत कारागिराला द्यावं. आणि जुनी गाडी विकत घ्यायला जाल, तेव्हा फ्रीजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून खिशात ठेवा. गप्पा मारता मारता ते दारांच्या पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे आत जाड लांबी आहे असं समजा आणि किंमत कमी करून मागा. मालक अभिमानाने म्हणाला, "हे काम मी स्वतः घरी केलंय," तर आणखी कमी करा.