कार्डभाऊ

वाळूज एमआयडीसीतल्या प्रत्येक कंपनीत एक तरी कार्डभाऊ असतो. पगार आपल्याइतकाच, स्कूटर आपल्यापेक्षा जुनी. पण पाकिटात चार क्रेडिट कार्डं आणि मोबाइलमध्ये त्या चौघांची कुंडली मांडणारं बँकेचं अ‍ॅप. कँटीनमध्ये कुणी नुसतं “मोबाइल घ्यावा म्हणतोय” असं पुटपुटलं, तरी भाऊंचा डावा हात खिशात जातो. “थांब, दुकानात पैसे घालू नको. या कार्डावर दहा टक्के सूट हाय. आपल्याच कार्डावर घेऊ. मला काय, दे सवडीनं.”

कार्डभाऊंच्या घरी साडेतीन नव्हे, साडेपंधरा मुहूर्त असतात. बिल १८ तारखेला निघतं, म्हणून दर महिन्याची १९ तारीख शुभ. त्या दिवशी घेतलेल्या वस्तूचे पैसे भरायला पन्नासेक दिवस बिनव्याजी मिळतात. मे महिन्यात फ्रिज बंद पडला तो नेमका १२ तारखेला. भाऊंनी आठवडाभर थांबायचं ठरवलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त नासलेल्या दुधाचं पनीर रोज डब्यात येत राहिलं. छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कधी येईल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण भाऊंच्या बिलाची तारीख सगळ्या शॉपला पाठ आहे.

वहिनींना आणि मुलाला त्यांनी ॲड-ऑन कार्डं काढून दिलीत. खर्च कुणीही करो, बिल भाऊंच्या नावावर आणि मेसेजही भाऊंच्याच मोबाइलवर. त्यामुळे मशीनला जॉब लावता लावता ते घरचं धावतं वर्णन ऐकवतात. “गुलमंडी. दोनशे चाळीस. इमरती घेतली वाटतं माझ्यासाठी.” पाच मिनिटांनी मोबाइल पुन्हा थरथरतो. भाऊ चष्मा कपाळावर सारून पाहतात. “पैठण गेट. चार हजार आठशे. साडी.” जरा वेळ गप्प. “म्हणजे इमरती माझं तोंड बंद करायला.”

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं, तेव्हापासून तर उस्मानपुऱ्यात पान खायचं म्हटलं तरी भाऊच पुढे होतात. पूर्वी पानवाल्याच्या वहीत उधारी असायची, आता बँकेच्या. पानवाला मात्र सुटला.

या सगळ्यामागे तत्त्वज्ञान आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, गावातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींची खरेदी. त्यातलं ४४ कोटींचं कर्ज स्टेट बँकेचं, सात टक्क्यांनी. ही कथा भाऊ नव्या पोरांना दर दिवाळीला ऐकवतात. “मिळून घेतलं की किंमत पडते, व्याज पडतं. एकीचं बळ!” त्या मंडळींनी गाड्या मिळून घेतल्या, पण कर्ज ज्याचं त्याच्या नावावर होतं, एवढा तपशील भाऊ गाळतात. इथे एकी सगळ्यांची, नाव एकट्याचं.

आणि पैसे परत द्यायची सवड कुणालाच होत नाही. शेवटच्या तारखेला भाऊ अ‍ॅप उघडतात. वर एकूण देय ६२,३४०, खाली किमान देय ३,११७. खालचा आकडा काय गोड दिसतो! भाऊ तो भरतात आणि जबाबदार नागरिकासारखा सुस्कारा सोडतात. मग उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस बंद. थकलेल्या कार्डबिलावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेऊ नये, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. भाऊंना त्याचाही अभिमान. “बघा, आपल्या कार्डाचा विषय सुप्रीम कोर्टात गेला होता.” त्या महिन्यात पॉइंट मिळाले अडीचशे रुपयांचे. त्यांची पाण्याची बाटली आली. ती सगळ्यांना दाखवून झाली.

पैसे मागायला मात्र जीभ रेटत नाही. यूपीआयवरून एकमेकांना पैशांची मागणी पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, तेव्हा भाऊंना केवढं हायसं वाटलं! आता वरूनच दार लावलं म्हटल्यावर आपण काय करणार? तरी वसुलीची त्यांची एक रीत आहे. महिनाअखेरीला शॉपच्या ग्रुपवर ते कार्डाचं स्टेटमेंट टाकतात. मिनिटभराने स्वतःच डिलीट करतात. खाली लिहितात, “सॉरी, चुकून पडलं.”

परवाही पडलं. सगळ्यांनी पाहिलं, कुणी काही लिहिलं नाही. अर्ध्या तासाने ज्याच्याकडे मोबाइलचे चौदा हजार थकलेत, त्याचा मेसेज आला: “भाऊ, त्यात वर एसीवर सूट दिसू लागली होती. आपल्या कार्डावर चालंल का? १९ ला घेऊ.”

भाऊंनी लगेच अंगठा पाठवला.