नवाबाच्या फासळ्या

ज्याला आपल्या पणजोबांचं नाव आठवत नाही, त्यालाच खानदानी कुत्रं पाळायची हौस फार. आमच्या घराण्याला जळगावच्या जकात नाक्यापलीकडे कुणी ओळखत नाही, म्हणून मी कारवान जातीचं पिल्लू आणलं आणि त्याचं नाव नवाब ठेवलं.

त्याची वंशावळ मला तोंडपाठ होती. परमुलुखातून दख्खनला आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर याचे पूर्वज आले, असं सांगतात. अरबस्तानचा सलुकी हा चुलत भाऊ. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला ही कुत्री भेट दिली आणि तिकडे त्यांना ‘मुधोळ हाउंड’ म्हणू लागले. २००५ साली यांचं टपाल तिकीट निघालं. २०२० साली पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये यांचं नाव घेतलं. घरी येणाऱ्याला मी चहाच्या आधी हे सगळं पाजत असे.

ऐकणाऱ्याची नजर मात्र नवाबाच्या फासळ्यांवर.

लांबुडका चेहरा, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, उंच सडसडीत पाय आणि कातडीखाली पुसटशा दिसणाऱ्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या हे या जातीचं देखणेपण. माळरानावर ससा नजरेनं टिपायचा आणि वाऱ्यासारखं पळून गाठायचा, यासाठी घडलेलं हे अंग. पण खान्देशात पाहुणा उठताना त्याला कमरेचा पट्टा सैल करावा लागला नाही, तर यजमानाची अब्रू जाते. तिथे दारात असं कुत्रं बांधणं म्हणजे घराच्या दारिद्र्याची पाटी लावणं.

“त्याले खायाले देता का न्हई भो?” दूधवाल्यानं विचारलं. शेजारच्या काकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या, पण नवाबासाठी रोज खिचडी पाठवू लागल्या. समोरच्यांनी पोळ्या सुरू केल्या. डॉक्टरांनी वजन करून सांगितलं, “उत्तम आहे, एक किलोसुद्धा वाढवू नका.” हे मी गल्लीत सांगितलं, तर गल्लीनं डॉक्टरच बदलायला सांगितला. नवाब खिचडी हुंगायचा, मान वळवायचा आणि सोफ्यावर जाऊन पडायचा. काकू म्हणायच्या, “अन्नावरची वासनाच उडाली बिचाऱ्याची.”

जळगावात कदर नाही, तर धुळ्यात असेल, या आशेनं हिवाळ्यात त्याला ताईकडे नेलं. लळिंगच्या बाजूला तिच्या शेतात भरीत पार्टी होती. पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी वांगी भाजत होती. भाजलेली वांगी सोलून बडगीत ठेचायला घेतली होती, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या. दोरी मनगटाला गुंडाळून मी सगळ्यांना मुधोळ संस्थान समजावत होतो. जॉर्ज बादशहापर्यंत पोचलो आणि नवाबाचे कान ताठ झाले.

तीन शेतं पलीकडे काहीतरी हललं होतं.

पुढचं मला जमिनीच्या पातळीवरून दिसलं. कापसाच्या दोन ओळी मी पोटावर पार केल्या, तिसरीत दोरी सुटली. वन्यजीव कायदा १९७२ सालचा आहे, सशाची शिकार गुन्हा आहे, हे मी आडव्या अवस्थेत ओरडून सांगत होतो. पण ही जात एकदा सावज दिसलं की मालकाचं ऐकत नाही. सावज नसतानाही फारसं ऐकत नाही. नवाब मात्र काय धावला! चारही पाय एकदम जमिनीवरून सुटायचे, अंग कमानीसारखं मिटायचं आणि उलगडायचं. लोक वांगी सोडून उभे राहिले. मातीनं भरलेल्या तोंडानंही मी म्हणालो, “पाहा, याला म्हणतात रक्त!”

नवाब दिमाखात परतला. तोंडात दुकानातली काळी प्लॅस्टिकची पिशवी.

कुणी काही बोलेना. शेवटी ताईच्या सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. “उपाशी शे बिचारं. पिशवीले बी सोडत नही!”

मी समजावलं, की ही जात नजरेनं शिकार करते, वाऱ्यानं उडणारं काहीही हिला सावज वाटतं. दाजी मान हलवत ऐकत होते आणि मधूनच गड्याला खुणा करत होते. निघताना पाहिलं, तर गाडीच्या डिकीत बाजरीचं पोतं. ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊ, ओढाताण असेल तर मोकळेपणानं सांगत जा रे.”

शेवटचा उपाय म्हणून मी पुन्हा पाचव्या जॉर्जला पुढे केलं. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या राजाले बी असंच उपाशी कुत्रं दिन्हं व्हतं का रे भाऊ?”