ओल्या चड्डीचा मामला

ती. आई-बाबांस,

पाच वर्षे उलटल्यावरही मुलाची चड्डी दिवसा वारंवार ओली होत असेल, तर तो आळस किंवा हट्ट समजू नये. तो बहुधा मूत्राशयाच्या कामातला बिघाड असतो. कधी मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकसते, तर कधी मूल खेळाच्या नादात शू दाबून ठेवते आणि गेलेच तर अर्धवट करून पळते. तिसरा गुन्हेगार शेजारीच बसलेला असतो : पोट साफ नसले की भरलेले आतडे मूत्राशयाला रेटते. त्यामुळे शूची तक्रार घेऊन गेलेल्या आईबापांना इथे इंग्लंडात डॉक्टर आधी शीबद्दलच विचारतात. त्यासाठी सात प्रकारांचा सचित्र तक्ताही असतो, ब्रिस्टल शहराच्या नावाचा. मराठी घरात एवढी मोकळी चर्चा फक्त बाळंतपणात होते.

खरा त्रास चड्डीचा नसतो, अब्रूचा असतो. संशोधक काओरू यामामोतो यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या चौथी ते सहावीच्या मुलांना सर्वांत भयंकर गोष्टी कोणत्या ते विचारले. आईबाप गमावणे, आंधळे होणे आणि नापास होणे यांच्या अगदी मागोमाग आले वर्गात चड्डी ओली होणे! मग मूल युक्त्या लढवते. कमरेला कायम स्वेटर, गडद रंगाचीच पँट, मित्राकडच्या मुक्कामाला आणि सहलीला नकार. मुली टाच अंगाखाली दाबून चटकन उकिडव्या बसतात. बघणाऱ्याला वाटावे, राणीसाहेबांना मुजरा चालला आहे. डॉक्टरी पुस्तकांत या आसनाला ‘व्हिन्सेंट्स कर्ट्सी’ असे भारदस्त नाव आहे.

सर्वांत घातक युक्ती म्हणजे पाणी न पिणे. शाळेतून बाटली भरलेलीच परत येते. लघवी घट्ट होऊन मूत्राशय आणखी चिडते, पोट आणखी धरते, आणि चड्डी ओली व्हायची ती होतेच. त्यात वर्गात ‘आत्ताच जाऊन आलास ना?’ असे दरडावणारे कोणी भेटले की मूल विचारायचेच सोडून देते.

उपाय कंटाळवाणे, पण गुणकारी. लागो न लागो, दर दोन-तीन तासांनी जाणे (आठवणीला मनगटावर थरथरणारे घड्याळ), पायाखाली पाट घेऊन निवांत बसणे, दिवसभर पाणी पिणे, पोट साफ ठेवणे. औषधाची पाळी त्यानंतर, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने. जळजळ किंवा ताप असेल, सारखे थेंब गळत असतील, तर तपासणी लगेच करावी. ओरडण्याचा उपयोग नाही. मूत्राशयाला कान नसतात.

तुम्ही सुचवलेल्या काळ्या तिळाच्या लाडवांनी शू थांबत नाही, पण ते इथे सर्वांनाच आवडतात, तेव्हा जरूर पाठवावेत. फोनवर मात्र तुमच्या नातीला ‘एवढी घोडी झालीस तरी?’ असे कृपा करून विचारू नये.