पटावरचे महाविद्यालय

सोलापुरातील उच्च माध्यमिक शिक्षणाचा विचार करताना ‘इंटिग्रेटेड’ ही व्यवस्था आधी समजून घ्यावी लागते : अकरावीच्या विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर राहते, तो स्वतः जेईई (अभियांत्रिकी) वा नीट (वैद्यकीय) या प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या खासगी शिकवणीत बसतो, आणि महाविद्यालयाकडे प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही करण्याचे तेवढे अध्यापनकार्य उरते. यावर उपाय म्हणून राज्य शासनाने 2018 मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक, म्हणजे बोटाच्या ठशाने घ्यायच्या हजेरीचा आदेश काढला; मात्र ठसा उमटल्यावर बोट वगळता उरलेल्या विद्यार्थ्याने वर्गात थांबावे, अशी सोय त्या यंत्रात नव्हती. पुढे जानेवारी 2024 मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणीत प्रवेश देऊ नये आणि शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत वर्ग भरवू नयेत, अशा मार्गदर्शक सूचना दिल्या. यांपैकी दुसरीचे पालन निर्दोष म्हणावे लागेल, कारण जे महाविद्यालय भरतच नाही त्याच्या वेळेशी टक्कर संभवत नाही. पहिलीला ‘फाउंडेशन’, म्हणजे आठवीपासून सुरू होणारी तयारीची पूर्वतयारी, हे उत्तर आधीच तयार होते. पालकांचा हिशेब, अर्थात, चुकीचा नाही : नीटच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण धरलेच जात नाहीत, खुल्या गटाला पात्रतेपुरते 50 टक्के पुरतात, आणि यंत्रमागावर किंवा विड्या वळून फी भरणाऱ्या घराने उरलेल्या 50 टक्क्यांच्या ज्ञानाचा खर्च का सोसावा, हे कोणत्याही शासन निर्णयात नमूद नाही.