जोह्याहून आधुनिक प्रवास: नवशिक्यांसाठी

आधी अंगठा धुऊन घ्या. ही पायरी गाळलीत तर पुढच्या सगळ्या पायऱ्या फुकट.

पेणजवळच्या जोह्याचा, हमरापूरचा किंवा तांबडशेतचा माणूस सकाळी उठला की आधी कारखान्यात डोकावतो. कारखाना म्हटल्यावर धुराडं शोधू नका. पत्र्याची शेड, वर ताडपत्री आणि आत खांद्याला खांदा लावून बसलेले पांढरेफटक गणपती, कोणाचे हात अजून बसवायचेत, कोणाची सोंड पॉलिश पेपरची वाट बघतेय. इथून बाहेर पडलेल्या माणसाच्या बोटांवर प्लास्टरचा नाहीतर शाडूचा थर असतो, आणि देशातल्या प्रवासाची सगळी नवी क्रांती नेमकी याच बोटांवर उभी आहे. मोबाइलची काच बोटातल्या इवल्याशा विद्युतभारावरून स्पर्श ओळखते. मध्ये कोरड्या प्लास्टरचा पापुद्रा आला की तिच्या लेखी तुम्ही नाहीच आहात. लाखाची मूर्ती घडवणारा हात, पण त्याला पनवेलचं तिकीट मिळत नाही.

म्हणून या मार्गदर्शिकेत प्रत्येक नव्या शोधाला एकच कसोटी लावली आहे: माखलेल्या अंगठ्याने चालतो का?

साहित्य: मोबाइल, ओलं फडकं, दहा-वीसच्या चार नोटा. नोटा का, ते पुढे कळेल.

पायरी पहिली, तिकीट. तुमचं स्टेशन हमरापूर. पनवेलहून येताना सोमटणे, रसायनी, आपटा, जिते आणि मग हमरापूर. पुढे पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. मोबाइलवर अनारक्षित तिकीट काढायचं यूटीएस नावाचं ॲप मुंबईत २०१४ मध्ये आलं. जुलै २०२५ मध्ये त्याच्या जोडीला रेलवन आलं. त्यात तिकीट, चौकशी, तक्रार सगळं एकाच छपराखाली. ॲपमध्ये एक गोम आहे. रुळांना चिकटून उभं राहिलात तर ते तिकीट देत नाही. टीसी समोर दिसल्यावर घाईघाईने तिकीट काढणारे महाभाग याच देशात जन्मले असल्यामुळे ही सोय केलेली आहे. तेव्हा मागे सरका. कानाला न लावता मोबाइल उंच धरून कोणी एकेक पाऊल मागे शेताकडे चाललेला दिसला, तर त्याला वेड लागलंय असं समजू नका. तो तिकीट काढतोय.

आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही. हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. बॅटरी वाचवावी म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. टीसीने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि फार सौम्य आवाजात म्हणाला, "काका, हा तिकिटाचा फोटो झाला. तिकीट कुठाय?" दंड भरला. चूक माझीच होती. आपल्या गावात तरी मूर्तीचा फोटो आणि मूर्ती यांतला फरक मला कोणाला समजावून सांगावा लागायला नको होता.

अंगठ्याची कसोटी: नापास.

पायरी दुसरी, गाडी कुठवर आली ते बघणे. पूर्वी याची पद्धत सोपी होती. सिग्नलकडे बघायचं, नाहीतर रुळाकडेला गवत कापणाऱ्या मावशीला विचारायचं, "गारी आली का गं?" मावशी मान न वळवता सांगायची आणि सहसा चुकायची नाही. आता 'व्हेअर इज माय ट्रेन' नावाचं ॲप आहे. २०१८ मध्ये गूगलने ते बनवणारी कंपनीच विकत घेतली. त्याची खुबी अशी की इंटरनेट नसलं तरी चालतं. गाडीत बसलेल्याचा मोबाइल आसपासच्या टॉवरचे सिग्नल पकडत असतो; कुठला टॉवर कुठे आहे हे ॲपला आधीच ठाऊक असतं, त्यावरून ते गाडीची जागा काढतं. म्हणजे काम तेच मावशीचं, फक्त मावशीच्या जागी टॉवर. जिथे रेंज दांडी मारते तिथे चालणारी वस्तू हीच खरी नवी वस्तू, असं माझं मत आहे. शिवाय एकदा उघडून ठेवलं की पुन्हा बोट लावावं लागत नाही. कसोटी: पास.

पायरी तिसरी, वंदे भारत पकडणे. ती हमरापूरला पकडता येत नाही. बघता येते. तरीही ही पायरी या मार्गदर्शिकेत सगळ्यात मोठी आहे, कारण बघायला शिकायचं असतं.

मुंबई-मडगाव वंदे भारतचा मुहूर्त ३ जून २०२३ चा होता. आदल्या संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा भीषण अपघात झाला आणि मुहूर्त रद्द करण्यात आला. मग २७ जूनला पंतप्रधानांनी भोपाळहून झेंडा दाखवला. तेव्हापासून पहाटे मुंबईहून सुटलेली ही गाडी सकाळच्या पहिल्या चहाच्या सुमारास आपल्या अंगणातून जाते. बघण्याची पद्धत अशी: रुळांपासून लांब उभं राहा, टोपी असेल तर काढून हातात घ्या (आदर म्हणून नव्हे, उडेल म्हणून), आणि डोळे मिटू नका. पांढरं-निळं काहीतरी सुळकन जातं. नाकाड पुढे आलेलं, खिडक्या सलग काळ्या. संपलं.

आता थोड्या वेळाने हमरापूरला थांबणारी दिवा-रोहा मेमू बघा. नवशिका म्हणतो, कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभट्टाची तट्टाणी. इथेच कारखान्यातला डोळा उपयोगी पडतो. मेमूला पुढे वेगळं इंजिन नसतं. मोटारी डब्यांखालीच बसवलेल्या असतात, आणि दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. त्यामुळे शेवटच्या स्टेशनात इंजिन काढून पलीकडे जोडायचा खटाटोप नाही, आणि थांबून पुन्हा वेग घ्यायलाही सोपं. वंदे भारतचं काय? नेमकं हेच. तिलाही वेगळं इंजिन नाही, मोटारी डब्यांखाली वाटून दिलेल्या. तिच्या झटकन वेग घेण्याचं रहस्य हेच. म्हणजे दोघींची कुळी एक. एकीचं रंगकाम झालंय, मुकुटाला खडे चिकटवलेत, काचा चढवल्यात; दुसरी कच्चीच गाडीत चढवलीय. कच्च्या मूर्तीलाच हमरापूरला थांबायची परवानगी आहे, इतकाच फरक. आपण वर्षानुवर्षं कच्च्या मूर्ती बाहेर पाठवत आलो आहोत, तेव्हा या बाबतीत तक्रारीला आपल्याला फारशी जागा नाही.

वंदे भारतमध्ये बसायचंच असेल तर पनवेल गाठा. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी एकशेवीस होते. तत्काळ हवं असेल तर १ जुलै २०२५ पासून आधार जोडलेलं खातं लागतं, आणि त्याच महिन्याच्या मध्यापासून ओटीपी. वातानुकूलितसाठी दहाला, बाकीच्यांसाठी अकराला. दहा वाजता कारखान्यातल्या माणसाचे हात कुठवर बरबटलेले असतात हे मी सांगायला नको. ओटीपी येतो, माणूस हात धुवायला नळापर्यंत जातो, परत येतो, वेटिंग.

पायरी चौथी, काहीच न करणे. याचं नाव कवच. रुळांमध्ये स्लीपरवर ठरावीक अंतराने छोटे आरएफआयडी टॅग बसवतात, इंजिनात यंत्र असतं, ते हे टॅग वाचतं आणि स्टेशनाशी रेडिओवरून बोलतं. चालकाने लाल सिग्नल ओलांडला किंवा वेग जास्त ठेवला, तर यंत्र स्वतःच ब्रेक लावतं. या विचाराची एक आधीची आवृत्ती आपल्याच कोकण रेल्वेची होती. तिथले बी. राजाराम यांनी गाड्यांची टक्कर टाळणारं 'रक्षा कवच' घडवलं. एकमेकींच्या जवळ येणाऱ्या गाड्या रेडिओवरून एकमेकींना ओळखतात आणि थांबतात. हेच राजाराम स्कायबसचेही जनक. खांबांवरच्या रुळांखाली लोंबकळत धावणारी ही गाडी मडगावात चाचणीला उभी राहिली. २५ सप्टेंबर २००४ ला चाचणीतच अपघात झाला, एक जीव गेला आणि प्रकल्प तिथेच थांबला. पुढे सांगाडाही उतरवला. एकाच डोक्यातून निघालेल्या दोन मूर्ती. एकीमागच्या विचाराची आता देशभर प्रतिष्ठा होतेय, दुसरी कारखान्यातच फुटली. मूर्तिकाराला हे नवीन नाही.

कवचला प्रवाशाचा अंगठा लागत नाही, ॲप लागत नाही, प्रवाशाला ते असल्याचं कळतसुद्धा नाही. कसोटीत पैकीच्या पैकी.

एसटीबद्दल दोन ओळी. कंडक्टरच्या हातात आता तिकिटाचं यंत्र असतं आणि त्यावर क्यूआर कोडही येतो. यंत्र कबूल असतं, रेंज नसते. म्हणून त्या चार नोटा. पूर्वी चिमटा वाजवत येणाऱ्या कंडक्टरचा आवाज आधी यायचा आणि लोक नोटा काढून तयार असायचे, ते तंत्रज्ञान काही वाईट नव्हतं. पण गेल्या काही वर्षांत एसटीत गर्दी वाढवणारा खरा शोध म्हणजे १७ मार्च २०२३ चा निर्णय, बायकांना अर्धं तिकीट. त्याला ना टॉवर लागला ना बॅटरी.

शेवटची पायरी प्रगत विद्यार्थ्यांसाठी: स्वतःची मोटार रेल्वेत चढवणे. रोहे तालुक्यातल्या कोलाडहून २६ जानेवारी १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढून गोव्यात वेर्ण्याला जातात. ड्रायव्हर ट्रकमध्येच, डिझेल आणि टायर वाचतात, घाटाची कटकट नाही. २०२५ च्या गणपतीत, २३ ऑगस्टपासून, कोकण रेल्वेने हीच सोय मोटारींना दिली. एका गाडीवर चाळीस मोटारी, पण निदान सोळा जमल्या तरच सुटायची. भाडं मोटारीमागे ७,८७५ रुपये होतं, त्यातले ४,००० बुकिंग करतानाच. मोटार वाघिणीवर, आणि माणसं मागच्या डब्यात, तीही तिघंच, वेगळं तिकीट काढून. घरात चौथा असेल त्याची व्यवस्था आपली आपण पाहायची. संध्याकाळी पाचला कोलाडहून सुटून गाडी पहाटे पाचला वेर्ण्याला पोहोचायची. पुढे नांदगाव रोडचाही थांबा दिला.

अंगठा इथे चालतो. हँडब्रेक कितीही माखलेल्या हाताने ओढता येतो. अडचण एकच होती. मोटार दुपारी दोनपर्यंत कोलाडला हजर लागायची आणि तिथवर मुंबई-गोवा महामार्गानेच जायचं होतं, ज्याच्या पनवेल ते इंदापूर रुंदीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. तेव्हा ही सोय पुन्हा निघाली तर जोह्याहून सकाळी लवकर निघा.