काका, कशासाठी हवी?

बंदुकीच्या दुकानात किंमत नंतर सांगतात. आधी विचारतात, ‘कशासाठी हवी?’ मला तर काउंटरवरच्या पोरानं ‘काका, कशासाठी हवी?’ असं विचारलं. म्हणजे एका वाक्यात दोन अपमान.

‘वानरांसाठी,’ मी म्हणालो. सिंधुदुर्गात घर आणि चार माड असलेल्या पुणेकराला शोभेलसंच उत्तर होतं, पण अर्धंच खरं होतं. वानर माडावर बसलंय, मी लाकडी दस्त्यावर गाल टेकवलाय, डावा डोळा मिटलाय आणि पुतण्या मोबाइल घेऊन योग्य बाजूला उभा आहे, अशा एका विशिष्ट प्रसंगासाठी मला रायफल हवी होती. या कामासाठी वेगळी रायफल कुणी बनवत नाही.

‘काका, वानराला छर्रा मारलात तर वन्यजीव कायदा आहे. १९७२ चा.’

‘मारायचं कुठंय? नुसतं घाबरवायचं.’

‘मग एअर रायफल घेऊन काय करणार? तिचा आवाजच होत नाही.’

खरं तर इथंच नमस्कार करून बाहेर पडायला हवं होतं. पण मी फोटोच्या बाजूनं विचार करत होतो आणि तो विक्रीच्या, त्यामुळे बोलणी पुढं सरकली. त्यानं एकेक रायफल काचेवर मांडली. पहिली स्प्रिंगची. नळी मोडून छर्रा भरायचा, पुन्हा सरळ करायची. ०.१७७ बोअर, ताकद वीस ज्यूलच्या आत, म्हणून परवाना नको. मी ताबडतोब तिच्यावर दुर्बीण चढवायला सांगितली. दुर्बिणीशिवाय माणूस शिकारी दिसत नाही, जत्रेत फुगे फोडायला आल्यासारखा दिसतो. तर तो म्हणाला, स्प्रिंगची रायफल आधी मागं धक्का देते आणि लगेच पुढं, त्यात साधी दुर्बीण खिळखिळी होते. दुसरी दाबलेल्या हवेवर चालणारी. धक्का नाही, नेम सुंदर, पण टाकीत दोनशे बारपर्यंत हवा भरायची, तीही हातपंपानं. त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि ती आपणहून आत ठेवली.

तिसरी स्पर्धेची. ती पाहिल्यावर मात्र मी हरखलो. गालाचा तुकडा वरखाली होतो, खांद्याचा मागंपुढं, मूठ हाताच्या मापाची. माणसानं रायफलीला शरण जायचं नाही, रायफलीनं माणसाला. आमच्या गावाहून फोंडा घाट चढला की राधानगरी तालुका. तिथल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला अशाच जातीच्या, पण पॉइंट बावीसच्या रायफलीवर पन्नास मीटरचं कांस्यपदक आणलं. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून. तिन्हींतलं पालथं झोपणं मला जमण्यासारखं आहे, उठण्याची जबाबदारी कुणी घेणार असेल तर. दहा मीटरच्या एअर रायफलीचं लक्ष्यही मी विचारलं. मधला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. माझ्या चष्म्याला तीन मजले आहेत. मागची खाच, पुढचं टोक आणि लक्ष्य या तिघांना एका वेळी पाहायचं तर मान लिफ्टसारखी वरखाली करावी लागते. या रायफलीला बारीक भोकातून पाहायचं असतं, त्यात म्हणे हा त्रास कमी. पण वजन साडेपाच किलोपर्यंत, वर कॅनव्हास-चामड्याचं ताठ जाकीट. मे महिन्यात कोकणात ते जाकीट घालून माडाखाली उभं राहिलो, तर वानरं माणुसकीनं स्वतःच नारळ खाली टाकतील.

या सगळ्या वेळात माझ्या डोक्यात जिम कॉर्बेट बसला होता. चाळिशी ओलांडलेला मराठी वाचक बंदुकीच्या दुकानात गेला की बरोबर कॉर्बेट येतोच, त्याला वेगळं बोलवावं लागत नाही. आता विषय निघालाच आहे तर सांगतो, आणि सांगायला मला कुणी रोखू शकत नाही. कॉर्बेटची पॉइंट दोनशे पंचाहत्तरची रिग्बी प्रसिद्ध आहे. ती त्याला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल मिळाली, संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ह्युएट यांच्याकडून, नावाची पट्टी बसवून. पण १९०७ साली ती वाघीण मारली कशानं? पॉइंट पाचशेच्या दुनळी रायफलीनं, आणि जवळ काडतुसं होती तीन. तिन्ही संपली. वाघीण जखमी, पण उभी. कॉर्बेट पळत तहसीलदाराकडे गेला आणि त्याची बंदूक हिसकावून आणली. त्या बंदुकीच्या नळीत आणि मागच्या भागात जवळजवळ एक सेंटिमीटरची फट होती! नेम धरला उघड्या जबड्यावर, गोळी लागली पुढच्या पंजाला. पण आधीच्या जखमांनी वाघीण संपत आलेलीच होती, तेवढ्यानं कोसळली. उत्तम रायफल मिळाली ती काम झाल्यावर. सरकारी साधनसामग्रीचा हा क्रम तेव्हापासूनचा.

दुसरी गोष्ट तर मला तोंडपाठ आहे. १९३० साल, चौगढची वाघीण. कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी, कारण वाटेत दिसली आणि त्याला पक्ष्यांच्या अंड्यांचा नाद. उजव्या हातात हलकी रिग्बी. खडकाला वळसा घातला तर वाघीण दोन-तीन पावलांवर. त्यानं एका हातानं रायफल हळूहळू, कूस बदलावी इतक्या हळू, तिच्याकडे फिरवली आणि चाप ओढला. जवळ मोठी, वजनदार दुनळी असती तर ती एका हातानं अशी वळलीच नसती. मग तो परत गेला आणि अंडी जागच्या जागी ठेवून आला. आता सांगा, कुठल्या दुकानात ‘कशासाठी हवी’ला ‘दुसऱ्या हातात अंडी असतील तेव्हासाठी’ असं उत्तर देऊन रायफल मागता आली असती?

हे मी त्या पोराला सांगितलं. सगळं. तो मधेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला, परत आला तेव्हाही मी चंपावतलाच होतो.

आमच्या अण्णाकाकांकडे मात्र कशासाठीला चोख उत्तर होतं. त्यांची ठासणीची बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. त्या बंदुकीनं त्यांनी काही मारल्याचं मला आठवत नाही. दारू भरायची, वर काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, केप लावायची आणि आभाळात बार काढायचा. आवाजानं अख्खी वाडी जागी होई आणि वानरं नदीपार. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, म्हणजे लोकसभा असेल तर ऐन हापूस तयार व्हायच्या दिवसांत. अण्णा ती गोणपाटात गुंडाळून एसटीनं नेत आणि पावती पंचांगात जपून ठेवत. वानरांना आचारसंहिता लागू नसे.

अण्णा गेले, परवाना गेला, बंदूक गेली. त्यानंतर वाडीतली नाचणी गेली, मग भुईमूग, मग परसातली भाजी. हे मी विनोदानं सांगू शकत नाही. कोवळा नारळ तोडायचा, एक घोट घ्यायचा आणि टाकून द्यायचा, असं वानर दिवसभर करतं, आणि सकाळी वहिनी टोपली घेऊन ती टरफलं वेचते. नुकसानीचा पंचनामा करायला माणूस येतो, लिहून घेतो, जातो. शहरात बसून वन्यजीवांवर प्रेम करणं सोपं आहे, मीही तेच करतो. त्या प्रेमाचं बिल वहिनीच्या नावावर फाटतं.

रायफल मी घेतलीच. स्प्रिंगची, लाकडी दस्त्याची, दुर्बीण लावून. गावी नेली तेव्हा वहिनी म्हणाली, ‘भावजी, ह्या वानरांका सगळा कळता. कोणाचो नेम लागता आणि कोणाचो नाय, ता पण कळता.’

दुर्बीण दुसऱ्या आठवड्यात हलायला लागली. मी आता मागच्या अंगणात डब्यांवर छर्रे मारतो आणि वानरं बघायला येतात. फोटो चांगले आलेत, हवे असतील तर पाठवीन. पण आवाज मोठा, इजा शून्य, परवान्याची कटकट नाही आणि निवडणुकीत जमा करावं लागत नाही, असं काही कुणाला माहीत असेल, तर मला नको, वहिनीला कळवा.