घाटावरचा रोडगा, घाटाखालची कचोरी

बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाचं नाव-गाव विचारून झालं, की पुढचा प्रश्न हमखास येतो, "घाटावरचे का घाटाखालचे?" अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. दक्षिणेला, म्हणजे घाटावर, बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. उत्तरेला खाली मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मधे राजूरचा घाट आहे, बोथ्याचा घाट आहे. एसटी दम खात खात का होईना, वर चढते. माणसांची मतं मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या बाजूलाच मुक्कामाला आहेत.

सोयरीक घाट ओलांडते तेव्हा खरी गंमत. पोरगी नांदुऱ्याची, दिली चिखलीला. घाटावरची सासू शेजारणीला सांगते, "खालच्यांच्या भाजीत वांगं शोधा लागते, नुसती तर्री!" खालची विहीण आपल्या भावजयीला सांगते, "माय वं, वरच्यांचं पिठलं ताटातून पळते." समोरासमोर दोघी एकमेकींच्या हाताची चव वाखाणतात. हाल होतात ते जावयाचे. दोन्हीकडे जेवायचं, दोन्हीकडे "असं कुठंच खाल्लं नाही" म्हणायचं, आणि कोणत्या घरी काय बोललो ते ध्यानात ठेवायचं.

अभिमानाचीही वाटणी झालेली आहे. सिंदखेडराजा जिजाऊंचं माहेर, 12 जानेवारी 1598चा जन्म, त्यामुळे इतिहास घाटावर. लोणारचं सरोवर उल्केने केलेलं, म्हणजे आकाशातून पडलेली वस्तूसुद्धा घाटावरच पडली. खालचे हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि एकच प्रश्न विचारतात, "रेल्वे हाय का?" मुंबई-हावडा मार्ग खालून जातो. जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या बुलढाण्याला रेल्वेच नाही. खामगाव-जालना मार्गाची चर्चा इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. ती ऐकत म्हातारी झालेली माणसं अजून एसटीनेच मलकापूर गाठतात आणि तिथून पुढची गाडी धरतात.

रोडग्याच्या पंगतीला मात्र घाट आडवा येत नाही. जाडसर दळलेली कणीक, तेलाचं मोहन, ओवा, हळद, मीठ. तेल लावलेल्या छोट्या चपात्या एकावर एक रचायच्या, वरून आणखी एका पारीत गुंडाळायच्या आणि गोळा शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. हे काम पुरुषांचं, निदान पुरुषांचा तसा समज असतो. चौघे गडी विस्तवाभोवती उकिडवे बसून "आता पलटा", "अजून थांब" असा कारभार करतात. घरात त्याच वेळी बायकांनी मणभर वांगी चिरलेली असतात, वरणाला उकळी आणलेली असते. पण गावात नाव होतं ते रोडगे भाजणाऱ्याचं. भाजलेला रोडगा फडक्यात घेऊन राख झटकायची, दोन्ही तळव्यांत दाबून फोडायचा. आतले पदर सुटतात, वाफ निघते. त्यावर तूप, मग वरण, शेजारी वांग्याची भाजी. पहिला रोडगा भुकेने जातो, दुसरा चवीने, तिसरा वाढप्याच्या जबरदस्तीने. "घ्या न जवाईबापू, काहून लाजता?" यावर उत्तर नसतं.

एकनाथांच्या भारुडातली बाई भवानीला रोडगा कबूल करते तो सासरच्या एकेका माणसाचा काटा निघावा म्हणून. नवस जुना आहे, पण इथल्या बऱ्याच सुनांना अजून ताजा वाटत असावा. फरक इतकाच, की इकडे मारुतीच्या पारावर रोडगे झाले की सगळ्यात आधी आवतण त्याच सासरच्या गोतावळ्याला जातं.

घाटाखालचं उत्तर शेगावच्या स्टेशनवर तयार असतं. फाळणीनंतर पंजाबकडून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी 1950च्या सुमारास इथे कचोरी विकायला सुरुवात केली. मैद्याची पारी, आत डाळीचं तिखट सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. बस, एवढंच. गाडी जेमतेम थांबते न थांबते तोच खिडकीतून हात बाहेर येतात. पंजाबी माणसाने बनवलेली ही चीज आता इतकी वऱ्हाडी झाली आहे, की पुण्याला शिकणारा पोरगा सुट्टीहून परतताना पिशवीत पुस्तकं कमी आणि कचोऱ्या जास्त नेतो. वरचेही नेतात, फक्त सांगताना "दर्शनाला गेलो होतो" म्हणतात.

दर्शन अर्थातच गजानन महाराजांचं. 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले ते बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. प्रगटदिनाला घरोघरी पिठलं-भाकरी आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य असतो. या कथेचा सर्वांत मोठा फटका जिल्ह्यातल्या लहान पोरांना बसला. ताटात दोन घास टाकले, की आई लगेच शेगावला पोचते, "महाराजांनी शितं वेचली, अन् तुले दोडके चालत नाहीत?"

इकडचं खाणं भविष्यही सांगतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला शेतात घटमांडणी होते. अठरा धान्यं गोल मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर आणि त्यावर पुरी, पापड, कुरडई, भजी, वडा, करंजी. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. पहाटे धान्य किती हललं, ढेकूळ किती भिजलं, यावरून पीक-पाणी सांगतात. पानविड्यावरून राजाचं आणि करंजीवरून देशाच्या तिजोरीचंही. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हरकत घेतात, हवामान खातं आपले नकाशे काढतं, आणि दोघांच्या बाजूचे शेतकरीसुद्धा सकाळी भेंडवळची बातमी वाचतात.

घाटावरचे तर फोनच लावतात. "विहीणबाई, पाऊस काय म्हणते?" खालून सविस्तर वृत्तांत येतो. जूनमध्ये कमी, पुढे भरपूर, कपाशी साधारण, करंजी शाबूत. वरच्या विहीणबाई सगळं नीट ऐकून घेतात आणि मग मुद्द्यावर येतात, "करंजीत सारण कशाचं होतं, खोबऱ्याचं का रव्याचं?"